२१४ चं वळण

नाव ठेवायचं नाही, असा नियम होता. कानात नंबर गोंदलेला असतो, त्यावरच ओळखायचं. तरी दार लावून घेतलं की २१४ ला मी बुज्जी म्हणायचे.

हैदराबादबाहेर औषधं तपासणाऱ्या कंपनीत मी बीगल कुत्री सांभाळते. सात वर्षं झाली. गेल्या वर्षी आमचे फणींद्र डॉक्टर आपणहून म्हणाले, “सुवर्चला, तपासणी संपली की गरीब कुत्र्यांना लोक घरी नेतात. चावऱ्यांना कोण नेणार? यांना जरा वळण लाव.”

मी जीव तोडून वळण लावलं. ‘दे’ म्हटलं की पंजा पुढे करायचा, सुई आत जाईपर्यंत हलायचं नाही. बुज्जी चार दिवसांत शिकला. २०८ मात्र महाखट! मला दोनदा चावला, शिकला काहीच नाही.

मार्चमध्ये घरी जाणाऱ्यांची यादी लागली. २०८ सिकंदराबादच्या एका नवराबायकोकडे निघाला होता. बुज्जीचा नंबर यादीत नव्हता. मी तडक डॉक्टरांकडे गेले.

“सार, माझा बुज्जी?” नाव तोंडातून गेलंच.

“कोण, २१४? अगं, त्याला नव्या औषधासाठी ठेवलाय. २०८ आमच्या काय कामाचा? हा बघ, सुई टोचली तरी ठोके वाढत नाहीत, आकडे स्वच्छ येतात. कमाल केलीस हं तू!”

“मग ते झाल्यावर जाईल ना घरी?”

ते चष्मा पुसत बसले. “यात शेवटी लिव्हर, किडनी काढून बघावी लागते.”

“सार, तुम्ही शब्द दिला होता.”

“लोक नेतात म्हणालो. २१४ ला नेतील, असं म्हणालो का? आणि तुझ्या अम्माला चार वर्षांत फिट आली नाही ना? त्या गोळ्या आधी कुणी खाल्ल्या, सांग बरं.”

त्या गोळ्या मीच आणते, अम्माच्या हातावर मीच ठेवते. त्यांचं ते बोलणं खरं होतं, म्हणून तर जास्त चीड आली. औषधासाठी जीव लागतो, तर सरळ तसं सांगायचं! घराचं गाजर दाखवून माझ्याच हातून त्याला का अडकवलं?

पहिला डोस सोमवारी होता. मला एकच मार्ग दिसला. त्याचं वळण मोडायचं. चावायला लागला, आकडे बिघडले, की तोही २०८ सारखा बिनकामाचा ठरेल.

रविवारी मी दार लावून घेतलं. “बुज्जी, दे.”

त्यानं पंजा माझ्या हातात ठेवला. मी नखं रुतवून करकचून चिमटा काढला. चाव मेल्या, चाव मला!

तो केकाटला. पंजा ओढून घेत कोपऱ्यात जाऊन बसला. मला वाटलं, जमलं.

थोड्या वेळानं तो लंगडत माझ्यापाशी आला, खाली बसला आणि त्यानं दुसरा पंजा पुढे केला.