रबर लावलेली बाटली

तिने ग्लास खिडकीकडे धरून फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले आणि नेहमीइतकाच वेळ थांबून मान डोलावली. ग्लासातून कसलाच वास आला नव्हता.

दूध करपलं ते तिला डोळे चुरचुरल्यावर कळलं. ती शेगडीसमोरच उभी होती.

धाकट्या बहिणीचं फोटोंना फ्रेम करून द्यायचं दुकान आहे, दूर, समुद्राजवळच्या गावात. दुकानावरची खोली रिकामी आहे. "महिनाअखेरपर्यंत तुझ्यासाठी थांबते," बहीण फोनवर म्हणाली. "मग भाडेकरू ठेवीन. आणि हे बघ, काच कापायला नाक लागत नाही."

सगळ्यात खालच्या फळीवर, फडक्यांच्या गठ्ठ्यामागे, लाल वाइनची एक बाटली. मानेला रबर.

वाइन चाखायला येणारे दातांचे डॉक्टर आठवडाभर लोकांच्या तोंडात बघतात, त्यामुळे शनिवारी ते कोणाच्या तोंडाला लागत नाहीत. हे ते स्वतःच सांगतात, दर शनिवारी. आणि दर शनिवारी त्यांच्या शेजारी बसलेला कॅप्टन हसतो. कॅप्टनने आयुष्यभर बस चालवली. जहाजाशी त्याचा संबंध एवढाच, की त्याची बस वळणावर डुलायची.

शनिवार, सकाळचे साडेअकरा.

टेस्टिंग रूम म्हणजे वाइनरीच्या गोदामाला चिकटलेली एक लांबट खोली. एक खिडकी, एक टेबल. टेबलाच्या एका बाजूला पाहुणे, दुसऱ्या बाजूला ती. पाठीमागे बाटल्यांच्या फळ्या इतक्या जवळ, की वळताना कोपर आत घ्यावं लागतं. वाइनरी दिराची. वाइन तोच करतो, पण या टेबलाशी तो ग्लासाला हात लावत नाही. "आपल्याच पोराला आपणच शाबासकी द्यायची का?" असं म्हणतो आणि दाराशी उभा राहतो.

पद्धत ठरलेली होती. नवी बाटली उघडली की पहिला थेंब वहिनीने स्वतःला ओतून घ्यायचा, वास घ्यायचा, मान डोलवायची. मग वयाने मोठ्या माणसापासून ओतत जायचं. बाटलीचं बूच खराब निघालं तर वाइनला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास लागतो. तो चाखण्याआधी नाकालाच कळतो, म्हणून ही मान. वर्षं गेली तशी लोक वाइनपेक्षा त्या मानेवर जास्त विसंबू लागले.

आठ महिन्यांपूर्वी तिला ताप आला. ताप उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. नाकाचे डॉक्टर म्हणाले, येईल परत, नाहीतर नाही येणार.

हे दिराला सांगणं सोपं असायला हवं होतं. पण नवरा गेल्यावर दिराने तिला मागची खोली दिली होती, आणि त्याबद्दल तो एकदाही बोलून दाखवत नसे. बोलून दाखवणाऱ्याशी भांडता तरी येतं. एकदा तिने सुरुवात केली होती.

"भाऊजी, मला जरा..."

"वहिनी, तुम्ही आहात म्हणून हे टेबल चालतंय," तो म्हणाला आणि खोकी उचलायला गेला.

बाईंना मात्र कळलं होतं. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. सगळं गाव त्यांना बाईच म्हणतं. ताप येऊन गेल्यावर तिसऱ्या महिन्यात एका शनिवारी त्यांनी ग्लास नाकाशी नेला, खाली ठेवला आणि म्हणाल्या, "ही फार गार आहे गं. दुसरी उघड." तिने बाटलीला हात लावला. बाटली गार नव्हती. तेव्हा तिला दोन गोष्टी एकदम समजल्या: बाटली खराब आहे, आणि बाईंना ठाऊक आहे. त्यावर दोघी कधी बोलल्या नाहीत. त्यानंतर आणखी तीन बाटल्या गार निघाल्या.

शेवटची मागच्या शनिवारी. बाईंनी ती स्वतःच्या हाताने उचलून खिडकीत ठेवली. संध्याकाळी तिने ती मोरीत ओतायला घेतली आणि ओतली नाही. बूच दाबून बसवलं आणि खूण म्हणून मानेला रबर लावलं.

आज हॉटेलवाला येणार होता. टेकडीवरच्या मोठ्या हॉटेलात वाइन घेण्याचं काम त्याच्याकडे. त्याला पसंत पडलं तर तीन वर्षांचा करार, आणि दर आठवड्याला त्याचे पाहुणे याच खोलीत. तिने पुन्हा पुन्हा विचार केला होता. एक बाटली खराब निघणं कोणाच्याही बाबतीत होतं. दीर माफी मागेल, दुसरी उघडेल, हॉटेलवाला वाइन घेईल. वाइनचं काही बिघडणार नाही. बिघडेल ती फक्त तिची मान. ही बाटली हिने पास कशी केली, असा प्रश्न सगळ्यांदेखत पडेल, आणि मग दीर आपणहून म्हणेल, वहिनी, आता तुम्ही आराम करा.

तिला एवढंच हवं होतं. जायची परवानगी मागायची नव्हती. तिला काढून टाकलेलं हवं होतं.

हॉटेलवाला बारीक चणीचा, सावध माणूस होता. खिशातून छोटी वही आणि पेन्सिल काढून त्याने टेबलावर ठेवली. पांढऱ्या दोन वाइन झाल्या. त्याने काहीतरी लिहिलं.

"काय लिहिताय?" कॅप्टनने वाकून विचारलं. "परीक्षेत नापास झालो तर घरी कळवणार का?"

"तुम्ही नापास होणार, ते कळवायला कशाला हवं?" डॉक्टर म्हणाले. "दाखला बघा याचा. तीनदा दाढ भरली, तीनदा हाच सुपारी खाऊन आला."

"दाढ माझी, सुपारी माझी. तुमचं काय गेलं?"

"माझी झोप."

हॉटेलवाला हसला. पेन्सिल खाली ठेवून त्याने दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली. दाराशी दीर उभा होता. त्याचे खांदे सैल पडलेले तिला दिसले.

ती वळली, कोपर आत घेतलं, वाकली. रबर काढून खिशात टाकलं. बूच सैल होतं. तिने पाठमोरं राहूनच ते उपसलं. स्वतःच्या ग्लासात थेंबभर ओतलं, खिडकीकडे धरलं, नाक आत घातलं. या वेळी ती नेहमीपेक्षा जास्त थांबली. मग मान डोलावली.

आणि बाईंना सोडून तिने आधी हॉटेलवाल्याला ओतलं.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. ती बाकीच्यांना ओतत गेली.

हॉटेलवाल्याने ग्लास नाकाशी नेला. थांबला. पुन्हा नेला. त्याच्या कपाळावर एक बारीक आठी आली आणि त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिने नजर चुकवली नाही. आता बोल, ती मनात म्हणाली. बोल की रे बाबा.

तेवढ्यात बाईंनी ग्लास उचलला. वास घेतला. ग्लास खाली ठेवायला हात झुकला आणि मध्येच थांबला. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "ही फार गार आहे" हे वाक्य खोलीत येऊन उभं राहिलं होतं. कोणी उच्चारायचीच खोटी.

बाईंनी एक मोठा घोट घेतला आणि गिळला.

"अगदी हिची नेहमीची," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी ग्लास हुंगला, बाईंकडे बघितलं आणि औषध घ्यावं तसा एका दमात रिकामा केला. "वा," ते म्हणाले. आवाज थोडा बसला होता.

"हिच्यासाठी तर मी आठवडाभर थांबतो," कॅप्टन म्हणाला. तो डोळे मिटून प्यायला, आणि डोळ्यांत आलेलं पाणी पुसताना त्याने हसल्याचं सोंग केलं. "आणखी ओता, वहिनी."

हॉटेलवाल्याने एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. तीन म्हातारी माणसं, तीन रिकामे ग्लास. त्याने स्वतःचा ग्लास पुन्हा नाकाशी नेला, जणू चूक नाकाचीच असावी.

"वेगळी आहे," तो हळूच म्हणाला. "जुन्या पुस्तकांसारखं काहीतरी."

"बरोबर ओळखलंत!" बाई म्हणाल्या.

त्याने पेन्सिल उचलली, लिहिलं, वही मिटली. मग दिराकडे वळून म्हणाला, "खरं सांगू? वाइन मी कुठूनही घेऊ शकतो. असं टेबल मला कुठे मिळणार? आमचे पाहुणे येतील तेव्हा ओतायला या वहिनीच असायला हव्यात. एवढी एक अट घालतो."

"त्या तर घरच्याच आहेत," दीर म्हणाला. "जाणार कुठे?"

ते दोघे ऑफिसात गेले. डॉक्टर बाहेर जाऊन पाण्याची अख्खी बाटली प्यायले. कॅप्टन त्यांच्या पाठीवर थाप मारत होता. बाई थांबल्या. ती ग्लास विसळत होती. बाईंनी न विचारता फडकं घेतलं आणि पुसायला लागल्या.

"बोलताना लेबलं खरवडायची सवय आहे मला," त्या म्हणाल्या. "त्या बाटलीचा कोपरा मीच खरवडला होता. मागच्या शनिवारी."

तिने नळ बंद केला.

"मग प्यायलात कशाला?"

बाईंनी पुसलेला ग्लास उजेडात धरला, डाग नव्हता तरी पुन्हा पुसला.

"कॅप्टनशी आठवडाभर कोण बोलतं, माहितीये तुला? कोणी नाही. डॉक्टरांच्या घरी तर तू गेलीच आहेस, त्यांच्याशिवाय दुसरं माणूस नाही. आणि माझ्याकडे आम्ही दोघं; हे टीव्ही बघतात, मी भिंत." ग्लास त्यांनी फळीवर ठेवला. "तू गेलीस तर आम्ही जायचं कुठे गं?"

तिने नळ पुन्हा सोडला.

"स्वार्थ आहे हा," बाई म्हणाल्या. "कळतं मला. शिव्या घाल हवं तर."

तिने पुढचा ग्लास त्यांच्या हातात दिला. बाईंनी तो घेतला. ऑफिसचं दार उघडल्याचा आवाज आला, मग दिराची पावलं, नेहमीपेक्षा भराभर.

"वहिनी! झालं. तीन वर्षं."

"चांगलं झालं, भाऊजी," ती म्हणाली.

ती या वाइनरीत पहिल्यांदा आली तेव्हा दिराने मदत मागितली होती ती फक्त द्राक्षांची तोडणी होईपर्यंत, सहा आठवड्यांसाठी.