शालीखालचं विमान

मला घरात शिट्टी म्हणतात. कुकरची. मी तापले की सगळ्या मजल्याला कळतं. पण त्या रविवारी सकाळी बाहेरच्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि माझ्या तोंडून आवाजच फुटला नाही.

टेबलावर ताईचं विमान होतं आणि त्याच्यावर आईची लोकरीची शाल. झोपलेल्या पोराला घालावं तसं पांघरूण, कडासुद्धा नीट खोचलेल्या.

विमान म्हणजे खेळणं नव्हे हो. ताई कारखान्यात लाकडाचे साचे बनवायची. कारखाना बंद पडला आणि ती सोफ्यावर बसून भिंतीकडे बघायला लागली. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की झोपायची. मग दुसऱ्या शहरातल्या विमानांच्या संग्रहालयाला मॉडेल करणारं माणूस हवंय असं कळलं. तिथल्या प्रमुख बाई फोनवर म्हणाल्या, "सर्टिफिकेटं राहू देत, हाताने केलेलं एक विमान घेऊन या." त्या दिवशी ताई पुन्हा माणसात आली. हिवाळाभर गारठलेल्या बोटांनी लाकूड तासलं, घासलं, जुन्या मालवाहू विमानाची हुबेहूब छोटी प्रतिकृती उभी केली. पत्रा जोडणाऱ्या रिव्हेटच्या खुणासुद्धा सुईने टोचल्या, बाई! शनिवारी संध्याकाळी चंदेरी रंगाचा हात दिला. गारठ्यात तो वाळता वाळत नव्हता, आणि सोमवारी सकाळी तिची गाडी होती.

"ताई, इकडे ये," मी कशीबशी म्हणाले.

तिने शाल उचलली. पंखांवर, पोटावर, शेपटीवर तपकिरी लव चिकटली होती. विमान कसलं, भिजलेलं मांजर.

ताई शाल हातात धरून भिंतीकडे बघायला लागली. तिचं ते बघणं मला ओळखीचं होतं, सोफ्यावरचं.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "थंडी केवढी होती. म्हटलं, गारठेल."

"विमान गारठेल?" झालं, शिट्टी वाजली. "अगं, रंग ओला होता!"

"मला काय कळतंय तुमचं ते."

इथेच माझं डोकं फिरलं. कारण तिला सगळं कळत होतं. बाबा होते तेव्हा दुकानांच्या पाट्या रंगवायचे, पण रंग कालवणं, ब्रश धुणं, पार्श्वभूमीचा सपाट हात मारणं, सगळं आईकडे. लहानपणी ओल्या पाटीजवळून नुसतं पळालो तरी पाठीत धपाटा बसायचा. आणि ही बाई ओल्या रंगावर लोकर टाकते?

"मुद्दाम केलंस तू."

आईने नळ बंद केला. "हो, केलं. तू दिवसभर औषधांच्या दुकानात, ही जाणार तिकडे. मी काय या भांड्यांशी बोलू? टाकली शाल. लगेच उचलायला गेले, तर चिकटली होती." ती रडत नव्हती, भांडत होती. मला तिचा राग आला, आणि कीवही आली, आणि त्यामुळे आणखीच राग आला.

ताई उठली. जुना गुळगुळीत रुमाल थिनरमध्ये बुडवून तिने सगळा रंग पुसून काढला. मी पुढे झाले तर म्हणाली, "हात लावू नकोस." दुपारपर्यंत विमान खालच्या अस्तराच्या करड्या रंगावर आलं. डब्याच्या तळाशी एकच हात होईल एवढा चंदेरी उरला होता आणि रविवारी रंगाचं दुकान बंद. ताईने ब्रश बुडवला. तिचा हात असा थरथरत होता की थेंब वर्तमानपत्रावर पडला. तिने ब्रश खाली ठेवला.

"आई, तू मार."

"वेड लागलंय का तुला?" मी ओरडले. "परत तिच्याच हातात देतेस?"

"माझा हात थरथरतोय, तुझी घाई मला माहितीये. तिथे विचारलं तर सांगेन, रंग आईचा आहे."

आई दारातच उभी होती. "आणि बिघडला तर?"

"तर मी राहीन इथेच." ताई आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

आई टेबलाशी आली. मग तिने रंगाचा डबा कोमट पाण्यात ठेवला. अंगातला स्वेटर काढून दूर टाकला, लोकरीचा धागा उडू नये म्हणून. हीटर लांब होता, नुसत्या सुती कपड्यात तिच्या दंडावर काटा आलेला मला दिसत होता. ब्रश एकाच दिशेने जात होता, मागे फिरत नव्हता. दुसऱ्या पंखाशी तो थांबला. आईने मान वळवून डोळे दंडाला पुसले आणि पंख पुरा केला.

सोमवारी सकाळी विमान खणखणीत वाळलं होतं. ताईने ते खोक्यात ठेवलं आणि खुंटीवरची शाल अंगावर घेतली. शालीवर विमानाचा चंदेरी डाग होता.

"ती नको गं, खराब झालीये," आई म्हणाली.

"असू दे. तिकडे थंडी जास्त आहे म्हणे."

आईने शालीच्या कडा तिच्या कोटात नीट खोचल्या. मग दार तिनेच उघडलं.