दोन बफरांमधली जागा

शवादफीचा हात गेला त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं, की इंजिनात बसलेल्या बयूमीला बफरच्या पुढचं काही दिसत नव्हतं. हे नंतर सगळ्यांनी सांगितलं आणि ते खरंही होतं. पण नुसत्या धुक्याने कुणाचा हात जात नाही, हेही सगळ्यांना माहीत होतं. दसूकीला तर सर्वांत जास्त.

दसूकी कोम अल-हलफाच्या रेल्वे यार्डाचा रईस होता, म्हणजे तिथल्या माणसांचा मुकादम. यार्ड तसं लहानच. बंदराहून गव्हाच्या वाघिणी, म्हणजे मालडबे, येतात, कारखान्याकडून सिमेंटच्या येतात. इथे त्या तोडायच्या आणि ज्या गावाला जायच्या त्याप्रमाणे पुन्हा जोडायच्या. जोडणारा माणूस बफरखालून वाकून दोन वाघिणींच्या मधे शिरतो आणि एकीची जड लोखंडी कडी दुसरीच्या आकड्यात अडकवतो. वाघिणी टेकून पूर्ण थांबल्या आणि ड्रायव्हरने ब्रेक लावून हात वर केला की मगच आत जायचं, असा नियम आहे. तो चहाच्या खोलीच्या भिंतीवर रंगवलेलाही आहे. पण वाघिणी थांबल्या की बफरच्या स्प्रिंगा त्यांना जराशा मागे ढकलतात, कडीची साखळी ताणली जाते आणि कडी आकड्यापर्यंत पोचत नाही. मग पुन्हा इंजिनाने दाबायचं, पुन्हा थांबायचं. एवढं कोण करणार? म्हणून इथली माणसं वाघीण चालत असतानाच आत शिरत, तिच्याबरोबर वाकून चालत आणि दोन्हीकडचे बफर एकमेकांवर दाबले गेले की नेमक्या त्या घडीला कडी फेकत. त्या घडीला ते ‘श्वास’ म्हणत. श्वास ज्याला सापडतो तो जोडारी, बाकीचे हमाल, अशी यार्डातली समजूत.

ही पद्धत दसूकीने आणलेली नव्हती. त्याच्या आधीच्या रईसने त्याला ती शिकवली होती आणि त्याने पुढच्यांना शिकवली. शवादफीला तर त्याने स्वतः पट्टा धरून आत नेलं होतं. शवादफी त्याचा सर्वांत चांगला माणूस.

त्या सकाळी तोच बाहेर उभा राहिला.

“रईस, आज थांबू दे तिला,” तो म्हणाला. “कुठून येतेय तेच दिसत नाही.”

धुक्यात दोघेतिघे हात चोळत उभे होते. दसूकीच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “का रे? नवरी उतरायची आहे का तिच्यातून? असा नटून उभा आहेस तो!”

सगळे हसले. इंजिनातून बयूमीही हसला, त्याला कुणी दिसत नसतानाही. शवादफीने गळ्यातला रुमाल शर्टात खोचला आणि तो वाकून आत गेला. रूळ ओले होते. वाघीण टेकली, उसळून मागे गेली आणि पुन्हा आली. उठताना आधारासाठी त्याने उजवा हात बफरच्या तबकडीवर ठेवला होता.

ओरडण्याचा आवाज आला नाही. आधी कडी रुळावर पडल्याचा आवाज आला.

*

मुख्य कचेरीतून चौकशीसाठी एक इंजिनियर येणार असल्याचं दोन दिवसांत कळलं. चहाच्या खोलीत बयूमी आणि दसूकी दोघेच बसले होते. बयूमी जुना ड्रायव्हर, त्याला सगळे उस्ता म्हणत.

“ते एकच विचारणार,” बयूमी म्हणाला. “आत जायला कुणी सांगितलं.”

दसूकी पेल्यात साखर ढवळत राहिला.

“कुणी सांगितलं नाही, बरोबर? तू ‘जा’ म्हणालास का? नाही. थट्टा केलीस. थट्टा म्हणजे काय हुकूम असतो?”

“तू हसलास.”

“मी रोज हसतो! माझं तोंडच तसं आहे.” बयूमीने आवाज खाली आणला. “ऐक. त्यानेच म्हणायला पाहिजे की घाई केली म्हणून. आपल्यापेक्षा ते त्याच्या तोंडून बरं दिसेल. तुझी निवृत्ती आली आहे तोंडावर. या वयात तुला काढलं तर कुठे जाशील, बरसीमचा चारा कापायला? त्याला जाऊन भेट. तुझा शब्द तो मोडणार नाही.”

तुझा शब्द तो मोडणार नाही, हे दसूकीलाही ठाऊक होतं. त्याची सगळी अडचण तीच होती. तरी तो गेला. जाताना संत्री घेतली. दुकानदाराने चांगली निवडून दिली, तेव्हा उगाच त्याला वाटलं की थोडी डागाळलेली असती तर बरं झालं असतं.

*

वॉर्डात शवादफी उशीला टेकून बसला होता. उजवा हात मनगटाच्या वरपर्यंतच होता आणि त्याला भलंमोठं बँडेज होतं. बायको, इंशिराह, पलंगाच्या कडेला बसली होती.

“या रईस, या! बघा, हिला मी म्हणालोच होतो. डॉमिनोत आता बयूमीची चैन आहे. एका हातात सोंगट्या लपवायच्या किती?”

“नर्स विचारून गेली,” इंशिराह म्हणाली, “हा वॉर्ड आहे की कॅफे. झोपत नाही, झोपू देत नाही.”

शेजारच्या पलंगावरचा म्हातारा म्हणाला, “असू दे गं. त्याच्यामुळे माझा वेळ जातो.”

दसूकी स्टुलावर बसला. वाटेत त्याने वाक्य तयार केलं होतं. सुरुवात ‘तू मला भावासारखा’ अशी होती. ते वाक्य आता तोंडाशी येईना. बँडेजकडे बघायचं नाही असं ठरवलं की नजर तिथेच जाई.

“रईस, एक काम होतं,” शवादफीच म्हणाला. “ते इंजिनियरसाहेब आज इथे येणार आहेत, मला विचारायला. मला असल्या लोकांपुढे धड बोलता येत नाही. मी निरोप दिलाय की आमचे रईस असतील, तेच सांगतील कसं झालं ते. तुम्ही जे सांगाल ते माझं. बरं झालं आलात.”

“तो कालपासून हेच म्हणतोय,” इंशिराह म्हणाली. “रईस येतील, रईस येतील.”

दसूकी म्हणाला, “हं.” त्याला पुढे आणखी काही बोलायचं होतं, कदाचित ते तयार केलेलं वाक्यच. पण तेवढ्यात इंजिनियर आला.

मुहंदिस म्हणजे इंजिनियरच; हा मुहंदिस वजीह बारीक अंगाचा, सौम्य माणूस होता. त्याने आधी रुग्णाची चौकशी केली, इंशिराहला बसायला सांगितलं, मग स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला.

“मला एकच सांगा,” तो म्हणाला. “वाघीण चालत असताना हा आत का गेला?”

शवादफीने दसूकीकडे पाहिलं. त्या बघण्यात संशय नव्हता. वर्गात उत्तर ठाऊक असलेल्या मुलाकडे बाकीचे बघतात, तसं ते बघणं होतं.

“साहेब,” दसूकी म्हणाला, “नियम असा आहे की गाडी पूर्ण थांबल्यावरच आत जायचं. आमच्याकडे तो भिंतीवर लिहिलेला आहे.”

वाक्यात खोटं काहीच नव्हतं. आपण खोटं बोललो नाही, हे त्याच्या लगेच ध्यानात आलं, आणि ते ध्यानात येण्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

“मग हा का गेला?”

दसूकीची नजर पुन्हा बँडेजवर गेली. शवादफी अजून त्याच्याकडे बघत होता. मग त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी हळूच बदललं. रागाचं म्हणावं तर तसं नाही. एखाद्याचं उघडं अंग चुकून दिसावं आणि आपणच नजर फिरवावी, तशी त्याने नजर फिरवली.

“बरोबर आहे साहेब,” तो म्हणाला. “मी घाई केली. धुकं होतं.”

संत्रं सोलणाऱ्या इंशिराहचे हात थांबले. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग रईसकडे. मग उरलेलं साल काढून तिने फोडी बशीत ठेवल्या आणि बशी दसूकीपुढे सरकवली.

“घ्या रईस.”

त्याने घेतल्या. एकेक करून सगळ्या खाल्ल्या, कारण हात थांबला असता तर बोलावं लागलं असतं.

जिन्यात मुहंदिस वजीह म्हणाला, “उद्या मी यार्डात येतो. नियमाप्रमाणे जोडणी एकदा करून दाखवा. ती बघितली की माझं काम संपलं.”

*

दुसऱ्या दिवशी ऊन स्वच्छ पडलं होतं. दसूकीने रिफअतला उभं केलं. शवादफीच्या खालोखाल तोच चांगला जोडारी. बयूमीने गव्हाच्या वाघिणी हळूहळू आणून टेकवल्या. रिफअत बाहेर ताठ उभा राहिला. वाघिणी थांबल्या. सगळे थांबले.

“उस्ता, हात वर कर ना!” रिफअत ओरडला.

“कुठला?”

“कुठलाही कर बाबा!”

बयूमीने दोन्ही हात वर केले, एखाद्याने बंदूक रोखावी तसे. मागे कुणीतरी फिसकन हसलं. रिफअत आत गेला, कडी उचलली, ती आकड्याला पोचेना. त्याने खांदा लावला, शिव्या हासडल्या, मग बाहेर येऊन हाताने काहीतरी खूण केली. बयूमीने इंजिन मागे घेतलं. वाघिणी अलग झाल्या.

“मागे नाही, दाबायचं!”

“मग दाबायची खूण कर की! ही कसली खूण? माशी हाकलतोस?”

“दाबायची खूण कोणती असते?” रिफअतने विचारलं. त्याने ते बयूमीला विचारलं, मग सगळ्यांकडे बघितलं. कुणालाच सांगता येईना. ती खूण लागण्याची वेळच या यार्डात कधी आली नव्हती.

मुहंदिस वजीह हसला नाही. उन्हात डोळ्यांवर हात धरून तो बघत होता. दसूकीच्या मानेवरून घाम ओघळला. आपली माणसं आपल्याच घरात परक्यासारखी चाचपडताना त्याला बघवेना.

“सरक तू,” तो रिफअतला म्हणाला. “मी दाखवतो. उस्ता, आण पुन्हा!”

वाघिणी पुन्हा निघाल्या. दसूकी त्यांच्या बाजूला उभा राहिला आणि मान मागे वळवून इंजिनियरला सांगू लागला.

“आता असं बघा साहेब. माणसाने बाहेरच उभं राहायचं. गाडी पूर्ण थांबेपर्यंत…”

बोलता बोलता त्याला अंधारल्यासारखं झालं. त्याने वर पाहिलं तर दोन्ही बाजूंना वाघिणींचं लोखंड होतं. तो वाकून चालत होता, त्यांच्याबरोबर, आणि कडी त्याच्या हातात होती. आत कधी आलो, हे त्याला कळलं नव्हतं. बफर टेकले, दाबले गेले, श्वास आला. त्याच्या हातांनी कडी फेकली. ती आकड्यात अशी बसली, की खट्ट असा एकच आवाज झाला.

क्षणभर त्याला बरं वाटलं. मग वाघिणी थांबल्या, आणि बफरच्या खालून त्याला इंजिनियरचे बूट दिसले.

“रईस,” वरून आवाज आला. “बाहेर या. सावकाश.”

तो बाहेर आला. कुणी हसत नव्हतं. बयूमी खिडकीतून दुसरीकडेच बघत होता.

“तुम्हांला आत जायला कुणी सांगितलं?” मुहंदिस वजीहने विचारलं.

“कुणी नाही.”

“आणि शवादफीला?”

दसूकीने हात पँटला पुसले. ग्रीस निघालं नाही.

“मी,” तो म्हणाला. “तो थांबला होता. मी त्याची थट्टा केली. सगळ्यांसमोर.”

*

शवादफीचा अपघात कामावरचा धरला गेला. त्याला जी भरपाई मिळायची ती मिळाली आणि पुढे फाटकावर बसायचं कामही. दसूकीची रईसकी गेली. उरलेले महिने त्याने गोदामात काढायचे होते. यार्डात त्याच्या पाठीमागे बोलणं होत होतं आणि ते त्याच्या कानांवर येत होतं: म्हातारा शेवटी आपल्या माणसामागे उभा राहिला. स्वतःच्या तोंडाने सांगितलं. असं कोण सांगतं? एकदा तर रिफअतने सगळ्यांदेखत, वडीलधाऱ्याला मान द्यावा तसे, त्याच्या खांद्यावर ओठ टेकले. दसूकी तिथून लघवीचं निमित्त करून उठून गेला.

एका दुपारी इंशिराह त्याच्या घरी आली. डोक्यावर टोपली, टोपलीत कापडाखाली फतीर, तुपातली पदर सुटलेली रोटी. दसूकीची बायको उम्म नादिर तिला हाताला धरून आत घेऊन आली.

“रईस,” इंशिराह उभ्याउभ्याच म्हणाली, “त्या दिवशी वॉर्डात मी तुम्हांला मनात फार वाईट बोलले. आधी ते सांगते. घरी येऊन रडले आणि तुम्हांला शाप दिला. तो मी परत घेतला. शवादफीने पाठवलंय मला. तो म्हणतो, बघ, मी म्हणत नव्हतो?”

“मी रईस नाही आता,” दसूकी म्हणाला.

“आमच्यासाठी आहात.”

“बस तू. आणि नीट ऐक. मी सांगितलं नाही. साहेबांनी बघितलं. माझे पायच आत गेले. त्यांनी बघितलं नसतं तर मी बोललो नसतो. आज शवादफी रिकाम्या हाताने घरी बसला असता आणि मी तसाच यार्डात शिट्टी वाजवत असतो.”

इंशिराहने उम्म नादिरकडे बघितलं.

“बघा वहिनी. सगळं गमावलं, तरी मोठेपणा घ्यायला तयार नाहीत.”

उम्म नादिरने पदराने डोळे टिपले. तिने नवऱ्याकडे असं पाहिलं, की तसं तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मग ती चहा टाकायला आत गेली.

दसूकीने पुन्हा तोंड उघडलं. पण आणखी कोणत्या शब्दांत सांगावं ते त्याला सुचेना. आणि जितकं सांगावं तितका तो तिच्या नजरेत चांगलाच होत जाणार होता. आतून पेल्यांचा आवाज येत होता. तो खाली मान घालून बसला.

“दुखतं का त्याला?” त्याने विचारलं.

“दुखतं,” ती म्हणाली. “जी बोटं नाहीत तीच दुखतात म्हणतो. अंगठा तर वळतो, पीळ बसतो. मी म्हणते, दाखव कुठे, तर हवेत दाखवतो. मी तिथे हवेतच चोळते. हसू नका, पण त्याने बरं वाटतं त्याला.”

दसूकी हसला नाही. ती सांगत राहिली: कोणतं बोट कधी दुखतं, झोपेत तो कसा हात ओढून घेतो, शर्टाची बटणं लावताना कसा चिडतो आणि मग तिला वाईट वाटायला नको म्हणून विनोद करतो. त्याने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही त्याने तिला थांबवलं नाही.