भिंगाखालची हिरडी

आमच्या ह्यांच्या खालच्या हिरडीला सूज आली, तेव्हा त्यांनी डॉक्टर सोडून सगळ्या आळीला तोंड उघडून दाखवलं. हे घड्याळजी. तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलेल्या माणसाला वाटतं, आपल्याला दिसलं नाही ते जगात नाहीच. एके सकाळी दुकानातलं भिंग घरी आलं. माझा छोटा आरसा घेऊन हे खिडकीपाशी बसले, एका हाताने ओठ खाली ओढला आणि स्वतःच्याच तोंडाची तपासणी सुरू केली.

"दात ठणठणीत आहेत," निकाल लागला. "हिरडी लाल झालीय, फुगलीय. ब्रश लावला की रक्त येतं. म्हणजे ब्रशच लागतोय. जिथे घासतं तिथे झिजतं, एवढं साधं आहे."

"अहो, डॉक्टरांना दाखवा. उद्या दात हलायला लागले तर?"

"त्यांना काय, उपटायचंच माहीत!"

त्याच दिवशी घरात फर्मान निघालं. पुढच्या दातांना ब्रश बंद, नुसत्या मिठाच्या पाण्याने चुळा. ठणक्यावर लवंगेचं तेल. तेल म्हटलं की ह्यांचा लगेच विश्वास बसतो. घड्याळात तेल सोडायची बारीक सुई असते, तसलीच एक नवी आणून हे हिरडीवर थेंब थेंब तेल सोडत बसायचे. मी मागे उभी राहून म्हणायचे, "आता चावी द्या, म्हणजे टिकटिक सुरू होईल." ठणका दोन दिवस थांबायचा, पुन्हा यायचा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! शेजारणींना हे सगळं मी साभिनय करून दाखवायचे. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

असे सहा महिने गेले. मग एका दुपारी सफरचंदाचा घास घेताना ह्यांचा पुढचा दात सरकला. हातातली फोड तशीच राहिली. चेहरा पांढराफटक.

"पडेल का गं?" हे अगदी बारीक आवाजात म्हणाले. तेव्हा मात्र मला थट्टा सुचली नाही.

दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आमच्या लेकीच्या वयाची पोर, पण बोलणं स्पष्ट.

"रक्त ब्रशमुळे येत नव्हतं, काका. दात आणि हिरडीच्या सांध्यात घाण साचते, तिचं दगडासारखं किटण होतं. त्याने हिरडी सुजते आणि हात लागला की रक्त येतं. तिथेच हलक्या हाताने नीट घासायचं असतं. तुम्ही तर घाणीला मोकळं रान दिलंत. मिठाच्या पाण्याने बरं वाटतं, पण किटण निघत नाही."

माझ्या अंगात आलं. "ऐका! सहा महिने मी कानीकपाळी ओरडतेय. गिऱ्हाइकाच्या घड्याळात कणभर धूळ सापडली तर त्याला चारचौघांत फैलावर घेतात हे, आणि स्वतःच्या तोंडात—"

"काकू," ती मध्येच म्हणाली, "तुम्ही बोलताना तुमचा खालचा दात हलतोय. जरा बसता का खुर्चीत?"

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. मला कधी दुखलं नव्हतं. मिठाच्या पाण्याची चूळ लाल आली की मी नळ सोडायचे आणि कामाला लागायचे.

ह्यांचं किटण निघालं. दात मऊ ब्रशवर आणि रोजच्या निगेवर टिकेल असं ती म्हणाली. माझ्या दाताखालचं हाड मात्र केव्हाच खचलं होतं. तो काढावा लागला.

"काकू, तुमच्याही पुढच्या दातांना ब्रश लागलेला दिसत नाही. तुम्ही का सोडलात?" तिने विचारलं.

परतताना हे माझा हात धरून चालत होते. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. कोपऱ्यावर थांबून म्हणाले, "अगं, तू तर मला वेड्यात काढत होतीस. मग माझं ऐकलंस कशाला?"

माझ्या तोंडात कापसाचा बोळा होता. थट्टा शेजारणींपुढे करायची; घरात फर्मान निघालं की ते मलाही लागू व्हायचं.