लेनने ओढलेली घंटा

माझी नणंद जॉइस तीन मुलं कॉलेजला धाडून मोकळी झालेली, त्यामुळे सल्ले द्यायचा मक्ता तिच्याकडे. माझ्या लेकीला, डिलेनीला, प्रवेश मिळालेल्या कॉलेजने एप्रिलमध्ये मुलांना पालकांसकट दिवसभर बोलावलं, तेव्हा तिने फोनवर माझी शाळाच घेतली.

"हे बघ अ‍ॅनेट, प्रश्न मुलीला विचारू दे. तू तोंडाला कुलूप लाव. जेवण त्यांच्या मेसमध्येच घ्या, होस्टेलची बाथरूम बघून या. आणि ती हो म्हणेपर्यंत कॉलेजच्या नावाचा स्वेटशर्ट घेऊ नकोस, अपशकुन होतो."

"आणि लेन?"

"माझाच भाऊ आहे म्हणून सांगते, त्याला नको नेऊस."

सांगायला काय जातं? ठेवणार कुठे त्याला? जॉइसचा गुडघा नुकताच बदललेला, ती स्वतःच काठी घेऊन चालत होती. लेन माझा नवरा, वय पंचावन्न. त्याची स्मरणशक्ती आता दिवसेंदिवस जातच राहणार, असं डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. गॅस चालू राहतो, दार उघडं राहतं. त्याला एकटं सोडायची सोय नव्हती.

खरी लढाई मात्र डिलेनीशी होती. "मी गावातल्याच कम्युनिटी कॉलेजात जाणार," ती महिनाभर हेच म्हणत होती. "बाबा मला ओळखतोय तोवर मी घर सोडणार नाही. तो विषय बंद." पोहण्याचा संघ तिने आधीच सोडला होता. मैत्रिणी यायच्या बंद झाल्या होत्या. शाळेतून आली की बापाचं जेवण, बापाचं फिरणं, बापाच्या शर्टाची बटणं. अठरा वर्षांची पोर आणि चाळिशीच्या बाईसारखी उसासे टाकायची. एक मेपर्यंत कॉलेजला उत्तर कळवायचं होतं. ती गेली नाही तर लेनबरोबर तिचंही आयुष्य जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. रात्र रात्र माझा डोळा लागत नव्हता.

आणि एक गोष्ट मी ख्रिसमसपासून पोटात ठेवली होती. दुपारी लेन मला विचारायचा, "ती मुलगी कधी येते गं?" नाव गेलं होतं. ती आली की त्याचा चेहरा उजळायचा, म्हणून तिला वाटायचं बाबा ओळखतोय. तो पोस्टमनला बघूनही तेवढाच उजळायचा. हे एक वाक्य मी बोलले असते तर डिलेनी मोकळी झाली असती. पण असं वाक्य कोणती आई बोलेल? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली होती.

आमच्या डिफायन्स गावाहून तीन तास गाडी हाकून आम्ही पोहोचलो. दारातच प्रत्येकाच्या गळ्यात ओळखपत्र अडकवलं गेलं. पालकांच्या ओळखपत्रावर पालकांचं नाव नसतंच. वर ठळक अक्षरांत मुलाचं नाव, खाली बारीक 'पालक'. मेसच्या बाहेर हिरवळीवर लाकडी चौकटीत एक जुनी घंटा टांगलेली होती. ज्याचा इथेच यायचा निर्णय झाला त्या मुलाने दोर ओढायचा, माइकवर आपलं नाव आणि गाव सांगायचं, की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. डिलेनीने घंटेकडे असं पाहिलं की जणू ती तिलाच पकडायला ठेवली आहे.

"माझ्याकडून अपेक्षा करू नकोस, आई."

"मी काही बोलले का?"

"तू न बोलताच जास्त बोलतेस."

मग पालक डावीकडे आणि मुलं उजवीकडे, अशी ताटातूट झाली. सभागृहात एका बापाने इंटरनेटच्या वेगाबद्दल विचारलं, एका आईने गाद्यांच्या लांबीबद्दल. लोकांच्या अडचणी किती गोड असतात! लेन माझ्या शेजारी शांत बसला होता. आणि मला राहवेना. जॉइसचा सल्ला धाब्यावर बसवून मी हात वर केला.

"घरी आजारपण असेल तर मुलीला एक वर्ष उशिरा येता येईल का?"

सगळ्या माना वळल्या. उत्तर लांबलचक होतं. मी ते कानात प्राण आणून ऐकलं, आणि वळून बघते तर शेजारची खुर्ची रिकामी.

तेवढ्यात बाहेर घंटा वाजली. एकदा नाही, सावकाश, ठेक्यात, वाजतच राहिली. मला न बघताच कळलं. आमच्या चर्चची घंटा लेनने वीस वर्षं दर रविवारी वाजवली होती. बाकी सगळं विसरला, पण दोर दिसला आणि हात आपसूक गेला.

मी धावत गेले. जेवायच्या रांगेतली मुलं टाळ्या वाजवत होती. माइक धरलेला लाल केसांचा विद्यार्थी हसून म्हणाला, "वा! आज बाबांनीच निर्णय घेऊन टाकला! काका, मुलीचं नाव सांगा की!"

लेन हसला. डिलेनी रांगेतून पुढे आली होती, अगदी त्याच्या समोर. त्याने सरळ तिच्याकडे पाहिलं, अनोळखी माणसाला बघून हसावं तसं सभ्य हसला, आणि त्याची नजर पुढे सरकली. मग मान खाली घालून त्याने गळ्यातलं ओळखपत्र वर उचलून धरलं आणि एकेक अक्षर जुळवत वाचलं, "डि... ले... नी."

प्रचंड टाळ्या पडल्या. तोही आनंदाने टाळ्या वाजवू लागला.

माझ्या लेकीचा चेहरा मी पाहिला. तो कुणाही आईने पाहू नये. ती पुढे झाली, माइक घेतला. "डिलेनी क्रेब्ज, डिफायन्स," ती म्हणाली. "आणि हा माझा बाबा." मग त्याच्या हातावर हात ठेवून तिने दोर आणखी एकदा ओढला. तिचा होकार यावा म्हणून मी महिनाभर देवाला विनवत होते. आता ती घंटा थांबावी एवढंच वाटत होतं.

परतताना गाडी डिलेनी चालवत होती. लेन मागे झोपला होता.

"तो मला ओळखत नाही, हे तुला कधीपासून माहीत होतं?" तिने विचारलं.

"ख्रिसमसपासून."

"मग सांगितलं का नाहीस? मी जावं हेच हवं होतं ना तुला?"

"हवं होतं. पण असं नको होतं."

तिने नाक पुसलं. "तो माझा होकार नव्हता, आई. सगळ्यांसमोर त्याचं हसं होऊ नये म्हणून माइक घेतला मी."

"माहीत आहे मला."

"पण आता जाईन. घरी राहून मी त्याच्या लक्षात राहणार असते ना, तर हलले नसते."

मला रडू आवरेना. बरं वाटलं होतं, आणि बरं वाटल्याची लाज वाटत होती. तेवढ्यात लेन जागा झाला.

"घंटा छान वाजली ना?"

"मस्त वाजली, बाबा."

"कोणासाठी होती?"

"माझ्यासाठी. मला कॉलेज मिळालंय."

"अरे वा!" तो पुढे वाकला आणि त्याने तिच्या खांद्यावर अदबीने थोपटलं. "अभिनंदन हं. तुझे आईवडील खूश असतील."

"आहेत," डिलेनी म्हणाली, आणि तिने गाडी कडेला घेतली. तिथून घरापर्यंत मी चालवली.