काचेवरचं मीठ

सातव्या बोटाचं टोक... कालच्यापेक्षा जास्त हिरवं झालंय, की आपल्यालाच तसं वाटतंय? आरेलिसने टाकीवर वाकून एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला, मग दोन पावलं मागे सरकली, जणू दुरून पाहिलं तर वेगळं काही दिसणार होतं. हिरवंच होतं. ओल्या लिंबाच्या सालीसारखं लखलखीत हिरवं, आणि शेजारची दहाही तशीच.

बोटं म्हणायची ती आपली इथल्या लोकांनी. खरं तर खांबासारख्या वाढणाऱ्या एका प्रवाळाच्या त्या अकरा कांड्या. मूळ खांब बायाइबे गावाच्या किनाऱ्यासमोर बारा मीटर पाण्यात तिच्या आजोबांच्याही आधीपासून उभा होता, आणि तीन वर्षांपूर्वी रोग आला तेव्हा महिन्याभरात हाडासारखा पांढरा पडून मेला. त्याआधी या प्रवाळ-केंद्राचा पाणबुड्या क्रिस्पीन याने बुडी मारून छिन्नीने जेवढं वाचवता आलं तेवढं वर आणलं. त्या वंशाचं समुद्रात आता काही उरलेलं नाही. जे काही आहे ते या टाकीत, आरेलिसच्या हवाली—आणि ते मरत होतं, आणि मरताना इतकं सुंदर दिसत होतं की तिला ओरडावंसं वाटत होतं.

चूक एवढीशी. दिव्याखालच्या काचेवर सहा महिन्यांत खाऱ्या तुषारांचा पापुद्रा चढला होता, आणि दिव्याचा आकडा हळूहळू वाढवत तिने साठ टक्क्यांवर आणला होता तो त्या पापुद्र्यातून झिरपणाऱ्या उजेडाच्या बेताने. मागच्या सोमवारी पाहुणे येणार म्हणून तिने काच व्हिनेगरने पुसली. हात दाखवून अवलक्षण! पाहुणे तर आलेच नाहीत. आकडा साठच राहिला, खाली उजेड मात्र पडत होता—किती? ऐंशीचा? नव्वदचा? उजेड मोजायचं एकुलतं एक यंत्र दुरुस्तीला राजधानीत गेलेलं. प्रवाळाच्या अंगात तपकिरी शेवाळ भाडेकरूसारखं राहतं, त्याच्यावरच त्याचं पोट चालतं. उजेड सोसेना झाला की भाडेकरू घर सोडतात आणि एरवी झाकलेला प्रवाळाचा आपला रंग असा उघडा पडतो. हे तिला पाठ होतं. परीक्षेत तिने लिहिलं होतं. तरी चार दिवस ती त्या रंगाकडे बघून खूश होत राहिली...

शुक्रवारी लक्षात आलं तेव्हा पाचावर धारण बसली. साठावरून पंचेचाळीस. शनिवारी सकाळी बोटं आक्रसलेली दिसली—उपाशी पडली का?—म्हणून पन्नास. संध्याकाळी अडतीस. रविवारी निळा उजेड जास्त, पांढरा कमी. मग पांढरा जास्त, निळा कमी. उजेड असा सारखा हलवला तर त्यानेही ती मरतात, हेही तिला पाठ होतं, पण दिवा कमीजास्त करायची फोनमधली पट्टी सरकवल्यावाचून अंगठा राहत नव्हता. आज बेचाळीस. आणि वहीत, तिच्या सुबक अक्षरात, रोज: साठ, साठ, साठ.

‘‘काय पाजतेस गं यांना?’’ क्रिस्पीन बादली घेऊन आत आला. साठीचा माणूस, पण जीभ विशीतली. ‘‘माझ्या बायकोलाही दे थोडं. असं चमकताना तिला पाहून तीस वर्षं झाली.’’

‘‘तुमच्यामुळेच विझली असेल ती,’’ आरेलिस म्हणाली. आवाज अगदी नेहमीसारखा निघाला, याचंच तिला नवल वाटलं.

‘‘घ्या! आणि जेवलीस का? डबा तसाच दिसतोय.’’

डब्यातला मांगू गार होऊन घट्ट बसला होता, वरचा कांदा सुकला होता. तिने एक घास तोंडात घातला. केळ्याचा लगदा टाळूला चिकटून बसला... केक. तीन मजली केक, गुलाबी. थोरल्या बहिणीचा, बेल्किसचा पंधरावा वाढदिवस, इथे मुलींचा लग्नासारखा करतात तो, भाड्याचा मुकुट, आणि तिचे ते लालबुंद गाल—‘आज काय रूप आलंय पोरीला!’ आत्या म्हणाली, शेजारीण म्हणाली, फोटोवालाही म्हणाला. बारा वर्षांच्या आरेलिसने झग्याची नाडी बांधताना बहिणीच्या पाठीला हात लावला होता. पाठ तव्यासारखी तापलेली. बेल्किस आरशातूनच म्हणाली, ‘गप्प बस हं. आईला सांगितलंस तर बघ!’ आणि ती गप्प बसली, कारण नाच बसवलेला होता, कारण आईने वर्षभर लोकांचे कपडे शिवले होते, कारण... तिसऱ्या दिवशी मेंदूज्वर. जीव वाचला, डावा कान गेला. आता बेल्किस दुकान चालवते, गिऱ्हाईक बोललं की उजवा कान पुढे करून हसते. तो फोटो तिने दुकानात लावलाय, आणि येणारे-जाणारे अजून म्हणतात, काय सुंदर दिसत होतीस गं.

दुपारी डॉक्टर तावारेस आल्या. केंद्राच्या प्रमुख, दर सोमवारी राजधानीतून यायच्या, पण गेली काही वर्षं त्यांचा सगळा वेळ बैठकांत आणि अर्जांतच जायचा. कुणाचं कौतुक करताना त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. टाकीपाशी त्या थांबल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

‘‘अगं आरेलिस... काय केलंस तू हे?’’

तिला वाटलं, कळलं. सुटले एकदाची.

‘‘असा रंग मी यांच्यावर कधी पाहिला नव्हता! वही बघू. साठ... आठवडाभर साठ. शाब्बास! आणि काच केव्हा पुसलीस?’’

‘‘मागच्या सोमवारी,’’ आरेलिस म्हणाली. आणखी एकच वाक्य बोलायचं होतं. ते जिभेवर आलेलं होतं, त्याची चवसुद्धा लागत होती.

‘‘मग! स्वच्छता, स्वच्छता म्हणून मी कंठशोष करते तो काय उगाच? क्रिस्पीन, बाकीच्या चारही टाक्यांच्या काचा पुसून घ्या आणि सगळे दिवे साठावर आणा. आजच्या आज.’’

चार टाक्यांत सव्वीस कांड्या, आणखी चार मेलेल्या खांबांच्या.

‘‘आणतो की,’’ क्रिस्पीन म्हणाला आणि व्हिनेगरची बाटली शोधायला वळला. डॉक्टर फोनवर बोलत अंगणात गेल्या. आणि आरेलिसच्या छातीतलं काहीतरी सैल झालं. तीन दिवसांत पहिल्यांदा श्वास पोटापर्यंत गेला. तिला हलकं वाटलं—खरंच, हलकं! का? ती त्या हलकेपणाकडे बघत राहिली आणि मग तिला ते दिसलं: सगळीच गेली तर कुणाचीच चूक नाही. पाणी वाईट होतं म्हणतील, यंदाचा उन्हाळा वाईट म्हणतील, रोग फिरून आला म्हणतील. आपणही सगळ्यांबरोबर रडू, आणि रडणं खोटं नसेल. हे आपण मनात आणलं. कुणी शिकवलं नाही, कुणी बळजबरी केली नाही, आपलं आपणच... आतापर्यंत तिला वाटत होतं की आपण प्रवाळासाठी तळमळतोय, त्यासाठी झोप उडालीय, अन्न जात नाहीय.

पलीकडे ओल्या कापडाचा बोळा काचेवर किरकिरला. पापुद्रा निघाला तिथून उजेडाचा एक पट्टा पाण्यात उतरला, तळहाताएवढा रुंद, मग दोन तळहातांएवढा.

‘‘क्रिस्पीन,’’ ती म्हणाली.

‘‘काय गं?’’ त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं. हात चालूच होता.

पुढे आपल्या तोंडून काय निघेल हे तिला सांगता आलं नसतं. बोटांकडे तिने पाहिलंही नाही. भीती अजून होती, पण ती आता मरणाऱ्या बोटांची नव्हती की डॉक्टरांची नव्हती. आत्ता घटकाभरापूर्वी जिला हलकं वाटलं होतं, त्या बाईची होती.