नाव कोणाचं?

समताने रमाईवर लिहिलेलं गाणं देवानंदने यूट्यूबवर टाकलं, ते स्वतःच्या नावाने. शेवटच्या कडव्यातलं 'समता सांगे' काढून त्याने 'देवानंद सांगे' घातलं. ताल मोडला, तरी लोकांनी डोक्यावर घेतलं.

संग्रामपुरातल्या त्याच्या गायन पार्टीसाठी ती चार वर्षं गाणी लिहीत होती. तिने जाब विचारला, तर तो हसला. "गाणं गळ्यानं चालते, दीदी. तू दुसरं लिही ना."

दुसरं सुचेना. लिहायला बसलं की त्याचाच आवाज कानात यायचा. त्याला नागवं करणारं गाणं तिला हवं होतं, पण कागदावर नुसत्या शिव्या उतरायच्या. ते कागद ती फाडून टाकायची.

एक दिवस तानाबाई मावशीने तिला ओढूनच कापूस वेचायला नेलं.

"घरात बसून जळू नको. चाल."

दुपारी भाकर खाताना समताने सगळं सांगून टाकलं. तिला वाटलं, बाया हळहळतील. त्यातली कलाबाई उलट फिसकन हसली.

"तुयं एक गाणं गेलं व. हा कापूस आमी वेचतो, नाव कोणाचं?"

"त्याचं व बाई, त्याचं!" दुसरी ओरडली.

"लेकरू म्या जनलं, नाव कोणाचं?"

"त्याचं व बाई, त्याचं!"

बाया हसत होत्या, पण एकीच्याही डोळ्यांत हसू नव्हतं. भाकर तशीच ठेवून समता म्हणाली, "थांबा. पुन्हा म्हणा."

फेब्रुवारीत रमाई जयंतीला दोघंही एकाच मंचावर होती. आधी समताचं नाव पुकारलं. तिचा गळा साधाच होता. शेतातल्या त्या सवालांचंच गाणं करून ती एकेक ओळ विचारत गेली आणि समोरच्या बाया जबाब देत गेल्या. तिसऱ्या कडव्याला सगळा मंडप गर्जत होता. देवानंदचं नाव तिने कुठेच घेतलं नाही.

मग तो उठला. लोकांनी तेच गाजलेलं गाणं मागितलं. शेवटच्या कडव्याला त्याने हात उंचावून 'देवानंद सांगे' म्हटलं, तशी कलाबाई उभी राहून ओरडली, "नाव कोणाचं?"

"त्याचं व बाई, त्याचं!"

शंभर बाया खदखदून हसल्या. ढोलकीवालाही हसला. देवानंदने पुन्हा सूर लावला, पुन्हा तीच गर्जना झाली. माईक ठेवून तो खाली उतरला. समता त्याच्याकडे डोळे भरून पाहत होती. इतकं गोड तिला कित्येक महिन्यांत काही लागलं नव्हतं.

मंडपामागे त्याने तिला गाठलं. "दीदी, चार लोकांत काऊन इज्जत काढली? नाव बदलून देतो ना."

"बदलशीलच," समता म्हणाली. "पण माफी मले मागू नको. मी देनार नाही."

दोन दिवसांत यूट्यूबवर तिचं नाव आलं. पार्टीनेही बोलावणं धाडलं. ती गेली नाही. बाया आता विळे घेऊन हरभरा सोंगायला जात होत्या, आणि तानाबाईसोबत तीही वही घेऊन निघायची. राग अजून पुष्कळ जणींचा शिल्लक होता.